जुने लाकूडही हलते : फर्निचर दुरुस्तीमागचे साधे विज्ञान

घरातली जुनी सागवानी खुर्ची डगमगू लागली, की बहुतेक वेळा कोणीतरी सांध्यावर दोन खिळे ठोकून देते. काही महिने ती ठीक चालते, मग पुन्हा कुरकुरू लागते आणि शेवटी माळ्यावर किंवा भंगारवाल्याकडे जाते. जुन्या वाड्याच्या तुळईपासून बनवलेल्या टेबलाचेही असेच होते. पहिल्या वर्षी ते देखणे दिसते आणि दुसऱ्या उन्हाळ्यात त्याच्या माथ्यावर लांबच लांब तडा पडतो. दोष लाकडाला किंवा गोंदाला दिला जातो, पण खरे कारण दोन्हींकडे एकच असते आणि ते समजले, की जुन्या फर्निचरच्या दुरुस्तीतले निम्म्याहून अधिक प्रश्न आपोआप सुटू लागतात. लाकूड हवेतली ओल सतत घेते आणि सोडते, आणि तसे करताना ते आकाराने लहानमोठे होत राहते.

"हे शंभर वर्षांपूर्वीचे लाकूड आहे, आता ते हलायचे थांबले," असे वखारीत हमखास ऐकायला मिळते. ही समजूत बरीचशी चुकीची आहे. फार जुने लाकूड ओलाव्याला किंचित कमी प्रतिसाद देते, हे खरे. पण ते थांबत नाही. वाड्याची तुळई शतकभर स्थिर दिसते, कारण ती जाड असते, तिच्या गाभ्यापर्यंत ऋतूंचा बदल पोहोचायला फार वेळ लागतो आणि तोपर्यंत ऋतूच पालटतो. त्याच तुळईच्या पाऊण इंची फळ्या काढल्या, की त्या नव्या लाकडाप्रमाणेच पावसाळ्यात फुगतात आणि उन्हाळ्यात आक्रसतात.

ओल लाकडात कोठे राहते

लाकूड म्हणजे झाडाच्या उंचीच्या दिशेने लावलेल्या अतिसूक्ष्म नळ्यांची जुडी आहे, असे समजावे. ताज्या तोडलेल्या झाडात पाणी दोन ठिकाणी असते : नळ्यांच्या पोकळीत आणि नळ्यांच्या भिंतींत. लाकूड वाळू लागते तेव्हा आधी पोकळीतले पाणी जाते. त्याने वजन घटते, पण आकार बदलत नाही. कोरड्या लाकडाच्या वजनाच्या सुमारे 28 ते 30 टक्के इतके पाणी उरते, तेव्हा पोकळ्या रिकाम्या झालेल्या असतात आणि फक्त भिंती भिजलेल्या असतात. यापुढे जे पाणी जाते ते भिंतींतून जाते, भिंती पातळ होतात आणि लाकूड आक्रसू लागते. भिंतींनी पुन्हा ओल घेतली, की लाकूड फुगते. ही ये-जा लाकूड कुजेपर्यंत किंवा जळेपर्यंत चालूच राहते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी, की हा बदल सर्व दिशांना सारखा होत नाही. नळ्यांच्या लांबीच्या दिशेने, म्हणजे फळीच्या लांबीत, तो जवळपास नगण्य असतो. रुंदीत मात्र तो चांगला जाणवतो. पूर्ण ओल्या अवस्थेपासून पूर्ण कोरड्या अवस्थेपर्यंत जाताना सागवान, झाडाच्या मध्यापासून सालीकडे जाणाऱ्या दिशेने सुमारे 2.5 टक्के आक्रसते आणि वार्षिक वलयांच्या कडेने जाणाऱ्या दिशेने सुमारे 5.8 टक्के. सागवानाला उत्तम लाकूड का म्हणतात, याचे एक कारण येथेच आहे. युरोपात खुर्च्यांसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या बीच लाकडात हेच आकडे सुमारे 5.7 आणि 11.9 टक्के असतात, म्हणजे सागवानाच्या दुप्पट.

आता हे आपल्या हवामानात बसवून पाहू. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात हवेची सापेक्ष आर्द्रता अनेक दिवस 85 टक्क्यांच्या आसपास राहते. अशा हवेत लाकूड पुरेसा काळ राहिले, तर त्यातील ओलाव्याचे प्रमाण सुमारे 17 टक्क्यांपर्यंत चढते. विदर्भात किंवा पुण्यात एप्रिल-मे महिन्यांतील दुपारी आर्द्रता 30 टक्क्यांच्या खाली उतरते आणि तिथे लाकूड 6 टक्क्यांकडे घसरू लागते. घरातले फर्निचर या दोन्ही टोकांना सहसा पोहोचत नाही. म्हणून वर्षभरात ओलावा 8 ते 16 टक्के या मर्यादेत बदलतो, असे धरले तर हिशेब वास्तवाच्या जवळ जातो. 300 मिलीमीटर रुंदीची सागवानी फळी, जिच्या तोंडावर, म्हणजे आडव्या कापलेल्या टोकावर, वलयांच्या रेषा फळीला साधारण समांतर आडव्या दिसतात, ती या बदलात सुमारे साडेचार मिलीमीटर लहानमोठी होते. तेवढ्याच रुंदीची पण तोंडावर उभ्या वलयरेषा दिसणारी फळी फक्त 2 मिलीमीटर हलते. आणि दोन मीटर लांबीच्या फळीच्या लांबीत जेमतेम एखाद्या मिलीमीटरचा फरक पडतो.

जुने लाकूड निवडताना फळीचे तोंड पाहण्याची सवय लावून घ्यावी, ती याचसाठी. टेबलाचा माथा, पाट, दाराचे पॅनल अशा रुंद भागांसाठी उभ्या रेषांची फळी मिळाली, तर ती दोन पैसे जास्त देऊनही घ्यावी, असे मला वाटते.

खुर्चीचा सांधा सुटतो कसा

खुर्चीचा पाय आणि बैठकीखालची आडवी पट्टी जिथे मिळतात, तिथे पायात एक चौकोनी भोक कोरलेले असते आणि पट्टीच्या टोकाला कोरलेले कुसू, म्हणजे पुढे आलेली जीभ, त्यात घट्ट बसवलेले असते. पायाचे तंतू उभे असतात, पट्टीचे आडवे. भोकाची उंची पायाच्या लांबीच्या दिशेने असल्यामुळे ती वर्षभर तेवढीच राहते. कुशाची उंची मात्र पट्टीच्या रुंदीच्या दिशेने असते, म्हणून ती बदलते. कुसू 60 मिलीमीटर उंच असेल, तर पावसाळ्यात ते सुमारे एक मिलीमीटरपर्यंत फुगू पाहते. पण भोक त्याला जागा देत नाही. कोंडलेले कुसू तिथल्या तिथे दाबले जाते आणि त्याच्या नळ्यांच्या भिंती चेपतात. नंतर उन्हाळा येतो, ओल जाते आणि हे चेपलेले कुसू मूळ आकारापेक्षाही लहान होते. दरवर्षी असे थोडे थोडे होत राहते आणि गोंदाच्या थरावर प्रत्येक वेळी ताण पडत राहतो, कारण त्याची एक बाजू हलते आणि दुसरी हलत नाही. वीस-तीस वर्षांनी कधीतरी तो थर सुटतो.

कुऱ्हाडीचा दांडा सैल झाला, की ती रात्रभर पाण्यात ठेवण्याची पद्धत खेड्यांत आजही आहे. सकाळी दांडा घट्ट झालेला असतो, पण आठवड्याभराने तो पूर्वीपेक्षाही अधिक सैल होतो. तिथेही हेच घडते. भोकात फुगताना दांड्याचे तंतू चेपतात आणि वाळल्यावर ते परत पूर्ण उघडत नाहीत.

यावरून खिळा का निरुपयोगी ठरतो, तेही स्पष्ट होते. खिळा हालचाल थांबवू शकत नाही. तो फक्त ती हालचाल एका बिंदूवर गोळा करतो आणि लाकूड तिथे चिरते. शिवाय पावसाळ्यात लोखंड गंजते, गंज फुगतो आणि लोखंड लाकडातील टॅनिन या तुरट द्रव्याशी संयोग पावून भोवती काळा डाग पाडते. मूळ कारागिराने बऱ्याचदा सांध्यातून आरपार लाकडाची खुंटी घातलेली असते. ती लाकडाचीच असल्यामुळे सांध्याबरोबर थोडी नमते आणि पुढच्या दुरुस्तीच्या वेळी ठोकून बाहेर काढता येते. दुरुस्ती पुन्हा करता आली पाहिजे, हा विचार त्या बांधणीतच होता, आणि आपणही तो सोडू नये.

सांधा उघडणे आणि पुन्हा बसवणे

सैल सांध्याच्या फटीत वरून गोंद ओतणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत वाया जाणारा उपाय आहे. गोंद लाकडाच्या तंतूंना धरतो, जुन्या गोंदाच्या कडक थराला नाही. म्हणून सांधा पूर्ण उकलावा लागतो. खुर्ची उकलण्याआधी प्रत्येक तुकड्यावर पेन्सिलने खुणा कराव्यात, कारण हाताने बनवलेल्या खुर्चीचा प्रत्येक सांधा वेगळा असतो आणि डावा तुकडा उजवीकडे बसत नाही. मग खिळे, स्क्रू, खुंट्या शोधून काढाव्यात; त्या राहिल्या आणि आपण हातोडा मारला, तर पाय फुटतो. ठोकताना मध्ये लाकडाचा तुकडा ठेवावा किंवा रबरी हातोडी वापरावी. जे सांधे अजून घट्ट आहेत, ते उगाच उकलू नयेत.

आतला गोंद कोणता आहे, हे गरम पाण्याच्या थेंबाने कळते. थेंब पडल्यावर थर चिकट, बुळबुळीत झाला, तर तो सरस, म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेला पारंपरिक गोंद. सरस ओल आणि सुमारे 60 अंश सेल्सियस उष्णता मिळाली, की मऊ होतो. गरम पाण्यात बुडवून पिळलेल्या फडक्याने तो पुसूनही निघतो. शिवाय नवा सरस जुन्या सरसात मिसळून जातो, त्यामुळे थोडा अंश राहिला तरी बिघडत नाही. थेंबाने थर पांढुरका आणि रबरासारखा झाला, तर तो फेविकॉलच्या जातीचा पांढरा गोंद समजावा. भारतात फेविकॉल 1959 मध्ये आले, त्यामुळे त्याआधीच्या, कोणी न छेडलेल्या फर्निचरात सरसच सापडेल. पांढरा गोंद कोमट पाण्याने किंवा व्हिनेगरने मऊ करून पटाशीने अगदी हलक्या हाताने खरवडावा लागतो. तो लाकडात मुरलेला असला, तर त्यावर नवा पांढरा गोंद नीट धरत नाही. खरवडताना कुशाचे लाकूड छिलू नये, ही या संपूर्ण कामातली खरी कसोटी आहे. कुसू पातळ झाले, की नव्याने तेवढी जाडी भरावी लागते.

कुसू भोकात हाताने दाबल्यावर जाते आणि हलवल्यावर खुळखुळत नाही, असा घट्टपणा हवा. पांढऱ्या गोंदाला फट भरता येत नाही. त्याचा थर जितका पातळ, तितकी पकड पक्की. फट राहिली असेल, तर त्याच जातीच्या लाकडाचा रंध्यातून निघणारा पातळ पापुद्रा कुशाच्या गालांवर (रुंद बाजूंवर), तंतूंची दिशा जुळवून, गोंदाने चिकटवावा आणि वाळल्यावर हवा तेवढा तासावा. अशा ठिकाणी पाचर किंवा दोरा कोंबण्यापेक्षा हा उपाय कितीतरी चांगला, कारण गोंदाची पकड लांब तंतूंच्या पृष्ठभागावर मिळते. आडव्या कापलेल्या टोकावर ती फारच थोडी असते. सागवानात नैसर्गिक तेल असते आणि ते पृष्ठभागावर येऊन गोंदाला अडथळा करते. म्हणून गोंद लावण्याच्या थोडे आधी तो भाग पॉलिश पेपरने ताजा करावा आणि अ‍ॅसिटोन किंवा स्पिरिटच्या फडक्याने पुसावा. लाकूड फारच खाल्ले गेले असेल, तर तेवढ्यापुरती एपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा, कडक होणारा गोंद) वापरायला हरकत नाही. पण ती लावलेला सांधा पुन्हा सहजी उकलत नाही, हे लक्षात ठेवून.

क्लॅम्प नसतील, तर सुती दोरीचे दोन वेढे पायांभोवती घेऊन त्यांच्यात काठी घालून ती पिळावी. दाब उत्तम मिळतो. दोरी आणि लाकूड यांच्यात पुठ्ठा ठेवावा. गोंद ओला असतानाच खुर्ची सपाट फरशीवर ठेवून चारही पाय टेकतात का ते पाहावे आणि बैठकीच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजावेत. चौकट मुळात काटकोनी असेल, तर ते सारखे भरले पाहिजेत. पुढची पट्टी मागच्या पट्टीपेक्षा लांब असली, तरी दोन्ही बाजू सारख्या असल्यास हीच कसोटी चालते. त्यानंतर 24 तास त्या खुर्चीला हात लावू नये.

सगळ्याच खुर्च्यांना गोंद लागतो असे मात्र नाही. मुंबई-पुण्यातल्या इराणी हॉटेलांत ज्या गोल वाकवलेल्या लाकडाच्या काळपट खुर्च्या पिढ्यान् पिढ्या वापरल्या गेल्या, त्या घडणीचा जनक मायकेल थोनेट. वाफेने मऊ केलेले बीचचे दांडे साच्यात वाकवून त्याने 1859 मध्ये 14 क्रमांकाची जी खुर्ची बाजारात आणली, ती मोजक्या तुकड्यांची आणि स्क्रू-बोल्टने जोडायची होती. सुट्या भागांच्या 36 खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावत. अशा खुर्चीचा डगमगाट बहुधा स्क्रू घट्ट केल्यावर जातो. स्क्रूचे भोक सैल झाले असेल, तर त्यात गोंद लावलेली लाकडी काडी बसवून, ती वाळल्यावर नव्याने भोक पाडावे. खुर्चीची बैठक वेताची असेल आणि ती विणायची असेल, तर वेताच्या पट्ट्या आधी पाण्यात भिजवतात आणि ओल्या असतानाच विणतात. वाळताना वेत आक्रसतो आणि बैठक ताणली जाते. लाकडाला त्रास देणारी तीच ओल विणकऱ्याने इथे कामाला लावली आहे.

तडे, पॅनल आणि अडकणारे ड्रॉवर

जुन्या कपाटाच्या दाराकडे नीट पाहिले, तर मधले पॅनल चौकटीला चिकटवलेले नसते. ते चौकटीच्या खाचेत मोकळे बसवलेले असते. मे महिन्यात काही दारांच्या पॅनलच्या कडेला पॉलिश न लागलेली फिकट रेघ उघडी पडते. हा बिघाड नाही. पॅनल आक्रसून चौकटीतून थोडे बाहेर सरकले आहे आणि पावसाळ्यात ते परत आत जाईल. दुरुस्तीच्या नादात त्या खाचेत गोंद किंवा लांबी (भेगा बुजवायची पुट्टी) भरली, किंवा पॉलिशचा जाड थर देऊन पॅनल चौकटीला चिकटवून टाकले, तर पुढच्या उन्हाळ्यात ते मधोमध तडकते.

टेबलाच्या माथ्याचा तडाही बहुतेक वेळा अशाच बंधनातून येतो. माथा खालच्या चौकटीला चारही बाजूंनी खिळे-स्क्रूंनी जखडलेला असेल, तर रुंदीत हलायला त्याला वाव राहत नाही. अशा वेळी तडा बुजवण्याआधी बंधन सोडवावे. मधला स्क्रू पक्का ठेवून कडेच्या स्क्रूंची भोके रुंदीच्या दिशेने लांबट करावीत आणि स्क्रूखाली वॉशर घालावा. तड्यात लांबी किंवा एपॉक्सी भरण्याचा मोह होतो, विशेषतः उन्हाळ्यात, जेव्हा तडा सर्वांत रुंद असतो. पण तेव्हा भरलेली कडक लांबी पावसाळ्यात पाचरेचे काम करते आणि फळी नव्या जागी फुटते. बंधन सुटल्यावर तडा आपोआप मिटत असेल, तर तो गोंदाने सांधावा. मिटत नसेल, तर त्याच लाकडाची बारीक पट्टी करून तड्याच्या एकाच कडेला चिकटवावी.

पावसाळ्यात अडकणाऱ्या ड्रॉवरला जुलैत रंधा मारणे टाळावे, नाहीतर मे महिन्यात तो खडखडतो. कोठे घासतो ते चमकणाऱ्या जागेवरून शोधावे, तिथे पांढरी मेणबत्ती घासावी आणि पाऊस संपेपर्यंत वाट पाहावी. हिवाळ्यातही तो अडकत असेल, तरच तेवढ्या जागेवर रंधा चालवावा.

परदेशात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हा प्रश्न अधिक तीव्रतेने भेडसावतो. आजीचा देव्हारा किंवा शिसवी चौरंग जहाजाने उत्तर अमेरिकेत किंवा जर्मनीत नेला, की पहिल्याच हिवाळ्यात, घर गरम करणाऱ्या यंत्रणेमुळे आतली हवा कोरडी होऊन, तो तडकल्याचे आढळते. तिथे पहिले वर्ष तरी खोलीत आर्द्रता राखणारे यंत्र चालवावे, वस्तू हीटरपासून दूर ठेवावी आणि तडा पडलाच, तर पूर्ण वर्ष उलटेपर्यंत त्याला हात लावू नये. तो किती उघडतो आणि किती मिटतो, हे त्याशिवाय कळत नाही.

जुने लाकूड विकत घेताना

वाडे आणि चाळी पाडताना निघणाऱ्या तुळया, खांब, दारे आणि चौकटी मोठ्या शहरांतल्या वखारींत येतात. मुंबईत चोर बाजार आणि जोगेश्वरीचा ओशिवरा भाग, पुण्यात जुना बाजार ही नेहमीची ठिकाणे. जहाजे मोडण्याच्या धंद्यातूनही बरेच लाकूड येते, मुंबईच्या दारूखान्यातून आणि गुजरातेतल्या अलंगहून. कोकणात जुन्या घरांच्या दारा-खांबांत फणसाचे पिवळसर लाकूड सापडते. ते देखणे आणि कामाला सोपे असते.

वय वाढल्याने लाकूड अधिक मजबूत होते, अशी एक समजूत आहे. ती खरी नाही. एकदा नीट वाळल्यावर त्याची ताकद वयाने वाढत नाही. पूर्वीच्या तुळया चांगल्या असतात, कारण त्या मोठ्या, वयस्क झाडांच्या असत आणि त्यांत सालीजवळचा पांढुरका भाग जवळजवळ नसे. गाभ्याचे गडद लाकूडच सगळे असे. सागवानाची वाळवीशी झुंजण्याची ताकद त्या गाभ्यातल्या द्रव्यांत असते. पांढुरक्या भागात ती नसते. म्हणून फळीत पांढरा पट्टा किती आहे, हे वयापेक्षा महत्त्वाचे.

लाकडाला टोचून आणि ठोकून पाहावे. टोकदार सुरी सहज आत शिरली किंवा आवाज पोकळ आला, तर ते सोडावे. बारीक गोल भोके आणि खाली पिठासारखा भुसा दिसला, तर भुंगेरा आत जिवंत आहे असे समजावे. ही कीड पांढुरक्या लाकडातल्या पिष्टावर जगते. सुक्या लाकडातली वाळवी मात्र पीठ टाकत नाही, खसखशीएवढे टणक दाणे टाकते. मातीच्या नळ्या दिसल्या, तर ती जमिनीतून चढणारी वाळवी. असे लाकूड घरात आणण्याआधी ग्रासलेला भाग कापून टाकावा. उरलेल्याला बोरिक पावडर आणि टाकणखाराचे द्रावण ब्रशने लावता येते, पण ते वरच्या थरापुरतेच मुरते.

लोखंड शोधायला जोरदार लोहचुंबक पृष्ठभागाजवळून फिरवावे आणि काळ्या डागांजवळ विशेष लक्ष द्यावे. एक तुटका खिळा रंध्याचे पाते किंवा गिरणीची करवत बाद करतो, आणि अनेक गिरण्या जुन्या तुळया चिरायला याच कारणाने नकार देतात.

मालाच्या पेट्यांची आणि पॅलेटची (माल रचायच्या लाकडी फळ्यांच्या चौकटींची) लाकडे फुकट किंवा स्वस्तात मिळतात. आंतरराष्ट्रीय वाहतुकीच्या पॅलेटवर गव्हाच्या ओंबीचे चिन्ह आणि प्रक्रियेची अक्षरे असतात. ‘एचटी’ म्हणजे गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सियस तापमान 30 मिनिटे देऊन कीड मारलेले लाकूड. ते घ्यायला हरकत नाही. ‘एमबी’ म्हणजे मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेले. ते घरातल्या वस्तूसाठी घेऊ नये. आणि कोणते रसायन सांडले असेल याचा अंदाज लागत नाही, अशा डागाळलेल्या पॅलेटवर कितीही कमी किंमत असली, तरी पाणी सोडावे.

जुन्या रंगाबाबत इथे थोडे कठोर व्हायला हवे. घरगुती रंगांतल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा भारतात 2016 च्या नियमांनी आली आणि ती नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये शिसे आहे, असेच धरून चालावे. असा रंग कोरडा घासू नये; ओला करून किंवा रंग काढण्याचे रसायन लावून खरवडावा आणि निघालेले कपटे प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावेत. घरात लहान मूल किंवा गर्भवती स्त्री असेल, तर हे काम घरात करूच नये. लाकडाची बारीक धूळही निरुपद्रवी नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तिचा समावेश माणसांत कर्करोग घडवणाऱ्या घटकांत केला आहे. कापडी रुमाल पुरत नाही, धूळ अडवणारा घट्ट बसणारा मास्क लागतो.

तुळई चिरून फळ्या काढल्यावर लगेच जोडणी करू नये. आतली ओल आणि ताण मोकळे होताना फळ्या पिळतात. सारख्या जाडीच्या पट्ट्या मध्ये घालून त्या सावलीत, हवा खेळेल अशा रचून ठेवाव्यात. ओलावा मोजायचे यंत्र नसेल, तर एक फळी दर आठवड्याला वजन करून पाहावी. वजन बदलायचे थांबले, की लाकूड त्या जागेच्या हवेशी जुळले. शक्य असल्यास ज्या खोलीत वस्तू राहणार, तिथेच हे करावे.

शेवटचा हात

जुने पॉलिश कोणते, हे न दिसणाऱ्या कोपऱ्यात तपासावे. स्पिरिटच्या फडक्याने ते चिकट झाले, तर ते लाखेचे. थिनरने सुटले, तर लॅकर. कशानेच सुटले नाही, तर मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन). लाखेचे पॉलिश असेल, तर ते घासून काढण्याची घाई करू नये. लाखेचा नवा थर जुन्या थरात विरघळून एकजीव होतो, म्हणून मळ पुसून वर नवे हात देता येतात आणि वर्षानुवर्षांच्या वापराने आलेला रंग टिकतो. सगळे पॉलिश पेपरने पांढरे करून टाकणे सोपे असते, पण गेलेला तो रंग परत येत नाही. 1 लिटर स्पिरिटमध्ये 150 ते 200 ग्रॅम चपडी लाख रात्रभर भिजवून, गाळून, कापसाच्या बोळ्यावर सुती कापड गुंडाळून अगदी पातळ हात द्यावेत. चपडी फार जुनी नसावी. जुनी लाख नीट विरघळत नाही आणि थर चिकट राहतो. गरम पेल्याने पडलेली पांढरी वर्तुळे स्पिरिटने जेमतेम ओलावलेला बोळा हलकेच फिरवला तरी बऱ्याचदा जातात.

कोणतेही पॉलिश ओल थांबवत नाही, फक्त तिचा वेग कमी करते. म्हणून टेबलाच्या माथ्याला वरून चार हात दिले, तर खालच्या बाजूलाही द्यावेत. एकच बाजू बंद केली, तर दोन्ही बाजू वेगवेगळ्या वेगाने ओल घेतात आणि फळीला पन्हळ येते. जवसाचे तेल वापरणाऱ्यांनी भिजलेली फडकी चुरगळून कधीही टाकू नयेत. ती वाळताना इतकी तापतात, की आपोआप पेट घेतात. ती मोकळ्यावर पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत.

लाखेचे काम भर पावसाळ्यात टाळावे. स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि थर पांढुरका पडतो. तसे झालेच, तर कोरड्या दिवशी स्पिरिटचा बोळा फिरवून तो थर पुन्हा मोकळा करता येतो. पण त्यापेक्षा जुलै-ऑगस्टमध्ये खुर्च्या उकलणे, गोंद खरवडणे, वेत विणणे ही कामे घ्यावीत. पॅनल त्याच दिवसांत बसवायचे असेल, तर ते फुगलेलेच असल्याने खाचेत जवळजवळ भिडवून बसवता येते. मे महिन्यात बसवायचे असेल, तर वर काढलेल्या हिशेबाइतकी जागा दोन्ही बाजूंना मिळून मोकळी सोडावी. पॉलिशचा डबा दसऱ्यानंतर, हवा कोरडी पडल्यावर उघडावा.